आठ फुटांची मोकळी हवा

न्यूयॉर्कमध्ये रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी करायला साधारण ८ फूट रुंद आणि २० फूट लांब जागा लागते. म्हणजे १६० चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळींत ज्या खोलीत एकेका कुटुंबाच्या तीन-तीन पिढ्या नांदल्या, ती खोलीही १६० चौरस फुटांचीच. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मोटारींसाठी अशा सुमारे ३० लाख जागा असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेक फुकट आहेत. जिथे जमिनीचा भाव ऐकून माणूस गप्प होतो, अशा शहरात एकेका खोलीएवढी जागा एकेका रिकाम्या मोटारीला! आणि हे इतकं सवयीचं झालं होतं की बहुतेकांना त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

२२ जून २०२० या सोमवारी त्या ८ फुटांच्या पट्ट्यात टेबलं आली. टेबलांभोवती लाकडी कठडे, कठड्यांत माती भरलेली आणि तिच्यात लावलेली फुलझाडं. जिथे आदल्या दिवशी चाकं होती तिथे माणसं जेवायला बसली. शहर तेच होतं, रस्ते तेवढेच रुंद होते. महापालिकेने जागा कुठूनही आणलेली नव्हती, फक्त काही नियम बाजूला ठेवले होते. नियमांच्या त्या हालचालीने एवढ्या मोठ्या शहराचं रूप काही आठवड्यांत पालटलं. ते कसं घडलं हे जितकं खोलात जाऊन पाहावं तितकं मन थक्क होतं.

आधी कोविडचं संकट किती मोठं होतं ते सांगायला हवं. १६ मार्च २०२०च्या रात्री ८ वाजता शहरातली सगळी रेस्टॉरंटं बसून जेवणाऱ्यांसाठी बंद झाली, उरलं फक्त पार्सल आणि घरपोच सेवा. न्यूयॉर्कच्या या धंद्यात त्याआधी तीन लाखांहून अधिक माणसं काम करत होती. एप्रिलमध्ये तो आकडा एक लाखाच्याही खाली आला. भांडी घासणारे, भाज्या चिरणारे, ताटं वाहून नेणारे, त्यांतले कितीतरी दूर देशांतून आलेले. रेस्टॉरंटचा धंदा बाहेरून झगमगीत दिसतो, पण भाडं, पगार आणि किराणा भागवल्यावर मालकाच्या हाती शंभरातले चार-पाच डॉलर राहिले तरी खूप झालं. असा धंदा दोन महिने बंद राहिला की गंगाजळी संपते. आणि दार उघडायची परवानगी मिळाली तरी आत माणसं बसवायची कशी? रोग तर आतल्या हवेतूनच फिरत होता.

हवेचं हे गणित समजून घेण्यासाठी चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जावं लागेल. २४ जानेवारी २०२०, चिनी नववर्षाची पूर्वसंध्या. तिसऱ्या मजल्यावरच्या, एकही खिडकी नसलेल्या दालनात ८३ गिऱ्हाइकं जेवत होती. तीन कुटुंबांची तीन टेबलं शेजारी-शेजारी होती, मध्ये सुमारे एकेक मीटर अंतर. मधल्या टेबलावरच्या कुटुंबातली एक व्यक्ती वूहानहून आलेली होती आणि तिच्या शरीरात विषाणू होता. ही कुटुंबं एकमेकांना ओळखत नव्हती. मधल्या कुटुंबाचा एका शेजाऱ्याशी सहवास ५३ मिनिटांचा, दुसऱ्याशी ७३ मिनिटांचा. पुढच्या काही दिवसांत या तीन कुटुंबांतली मिळून १० माणसं आजारी पडली. दालनातल्या बाकी गिऱ्हाइकांपैकी एकालाही काही झालं नाही, वाढप्यांनाही नाही.

असं का व्हावं? तपास करणाऱ्यांची नजर वातानुकूलन यंत्राकडे गेली. त्या कोपऱ्यातल्या यंत्राचा झोत या तीन टेबलांवरून जाऊन समोरच्या भिंतीवर आपटत होता आणि परत फिरत होता. म्हणजे भल्या मोठ्या दालनात या तीन टेबलांपुरती हवेची एक वेगळी खोलीच तयार झाली होती, जिच्या भिंती कुणाला दिसत नव्हत्या. पुढे हाँगकाँग विद्यापीठातले युगुओ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे प्रत्यक्ष मोजमाप केलं. आतली हवा बाहेर फेकणारे पंखे बंद होते. दर माणसामागे दर सेकंदाला बाहेरची ताजी हवा मिळत होती ती जेमतेम एक लिटर. अशा जागी ८ ते १० लिटर तरी मिळावी असं मानतात.

एक लिटर म्हणजे नेमकं काय, ते आपल्या श्वासाशी ताडून पाहू. शांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ७-८ लिटर हवा आत घेतो आणि बाहेर सोडतो. सेकंदाला एक लिटर म्हणजे मिनिटाला ६० लिटर ताजी हवा. स्थिती अशीच टिकून राहिली, तर खोलीतल्या हवेचा सुमारे आठवा हिस्सा कुणाच्या ना कुणाच्या छातीतून जाऊन आलेला असतो. आपण घास तोंडात घालतो, गप्पा मारतो, हसतो आणि दर आठ श्वासांमागे जवळजवळ एक श्वास दुसऱ्याचा घेतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून कधी जाणवतही नाही.

आता तेच टेबल रस्त्यावर आणू. वारा नाहीच म्हणावं इतका कमी आहे, उदबत्तीचा धूर एका बाजूला कलेल एवढाच. असा वारा सेकंदाला एक मीटर सरकतो. चौघं बसलेल्या टेबलाभोवतीचा दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असा उभा छेद डोळ्यांसमोर आणा. त्यातून दर सेकंदाला ४ घनमीटर हवा निघून जाते, म्हणजे ४,००० लिटर. माणशी १,००० लिटर! ग्वांगझूच्या त्या दालनाच्या हजारपट. एवढी हवा खेळवणारं यंत्र बसवायचं म्हटलं तर कुठल्याही रेस्टॉरंटचं दिवाळं निघेल. इथे ते काम वारा करत होता. शेजारच्या टेबलावरून कुणी तोंडावरच खोकलं तर धोका राहतोच, पण हवेत तासभर साचून राहणारा तो अदृश्य धूर बाहेर साचूच शकत नाही.

यातली आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. जून २०२०मध्ये अधिकृत सल्ला मुख्यतः हात धुण्याचा, वस्तू पुसण्याचा आणि अंतर राखण्याचा होता. हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या, असं लिडिया मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन या संशोधकांनी शेकडो शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने जाहीरपणे लिहिलं ते जुलैमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने ते स्पष्ट शब्दांत मान्य करायला २०२१ उजाडलं. म्हणजे शास्त्रातला वाद मिटण्याआधीच शहरांनी टेबलं उघड्यावर आणली होती. बाहेर बरं, आत वाईट, एवढ्या साध्या जाणिवेवर.

पण टेबल बाहेर आणणं साधं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये फुटपाथवर चार खुर्च्या मांडायच्या तर महामारीआधी काय करावं लागे? आराखडा काढून घ्यायचा, अर्ज आणि फी भरायची, स्थानिक मंडळापुढे सुनावणी, नगर परिषदेची नजर, इमारत वारसा यादीत असेल तर त्या खात्याची वेगळी मंजुरी. यात महिने जात आणि हजारो डॉलर. शिवाय कितीतरी रस्त्यांवर झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल हे ठरवणाऱ्या, नियमांनुसार परवानगीच नव्हती. परिणाम असा की सुमारे २३-२४ हजार खाण्यापिण्याच्या जागा असलेल्या या शहरात फुटपाथवर बसायचा परवाना हजार-बाराशे जणांकडेच होता आणि तेही मुख्यतः मॅनहॅटनमध्ये. क्वीन्स किंवा ब्रॉन्क्समधल्या एखाद्या छोट्या खानावळीच्या मालकाने त्या वाटेला जावं तरी कशाला?

महापौर बिल डी ब्लाझिओ यांनी जूनमध्ये आणीबाणीच्या अधिकारात आदेश काढला आणि ही सगळी साखळी बाजूला ठेवली. तिच्या जागी आला एक ऑनलाइन अर्ज. फी नाही, सुनावणी नाही. मालकाने पत्ता आणि परवाना क्रमांक द्यायचा, आपल्या दुकानासमोरची लांबी मोजून लिहायची आणि सगळे नियम पाळतो असं स्वघोषणापत्र द्यायचं. अर्ज भरला की मंजुरी. महापालिकेची माणसं तपासायला येणार, पण नंतर. पूर्वी आधी परवानगी आणि मग टेबल असा क्रम होता. आता आधी टेबल आणि मग तपासणी.

या उलट्या क्रमातच सगळी ताकद होती असं मला वाटतं. पूर्वी मालकाला सिद्ध करावं लागे की माझ्या खुर्च्यांनी कुणाचं काही बिघडणार नाही. आता बिघडलंय हे दाखवून देण्याची जबाबदारी शहरावर आली. इंग्लंडने त्याच उन्हाळ्यात संसदेत कायदा करून हीच दिशा धरली. फुटपाथवरच्या परवान्याची फी १०० पौंडांच्या वर जाता कामा नये आणि स्थानिक कौन्सिलने ठरल्या मुदतीत उत्तर दिलं नाही तर परवाना मिळाला असं समजायचं! सरकारी कचेरीचं मौन म्हणजे होकार. कचेऱ्यांत खेटे घालण्यात ज्यांची उमेद गेली आहे त्यांना या एका कलमाचं मोल वेगळं सांगायला नको. लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस तर याआधीच, एप्रिलच्या अखेरीस, पुढे सरसावली होती. जुन्या गावातल्या अरुंद गल्ल्यांत दोन टेबलांमध्ये दोन मीटर अंतर ठेवणं अशक्य होतं. तेव्हा महापौर रेमिगियुस शिमाशियुस यांनी कॅथेड्रल चौकासह शहरातल्या १८ सार्वजनिक जागा कॅफेवाल्यांना विनामूल्य वापरू दिल्या.

सवलत याचा अर्थ मोकाट सुटणं नव्हे. न्यूयॉर्कचे नियम वाचताना लक्षात येतं की थोडक्या अटींत किती जणांचा विचार करावा लागतो. फुटपाथवर चालणाऱ्यांसाठी ८ फूट वाट मोकळी हवी. अग्निशमनाच्या नळापासून १५ फुटांत काही मांडायचं नाही, कारण आग लागली तर बंबाची नळी तिथेच जोडायची आहे. बस थांब्यावर नाही. टेबलांमध्ये ६ फूट अंतर. आणि रस्त्यावरच्या बैठकीभोवती तिन्ही बाजूंनी किमान १८ इंच जाडीचे कठडे, आतून माती किंवा वाळूने भरलेले. त्या फुलझाडांचं खरं काम शोभेचं नव्हतंच. ताबा सुटलेली मोटार जेवणाऱ्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून ती भरगच्च माती होती आणि माती आहेच तर तिच्यात झेंडूही लावता येतो. दारूचा प्रश्न निराळाच होता. तिचा परवाना राज्य सरकारचा आणि ठरावीक चार भिंतींपुरता. तो बाहेरच्या टेबलांपर्यंत लागू होईल असा आदेश राज्याने काढला नसता तर संध्याकाळचा अर्धा धंदा बुडाला असता.

पार्किंगच्या जागेत माणसं बसवायची कल्पना मात्र महामारीची नाही. १६ नोव्हेंबर २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रिबार नावाच्या कलावंतांच्या गटाने रस्त्याकडेच्या पार्किंग मीटरमध्ये नाणी टाकली, दोन तासांचं भाडं भरलं आणि त्या जागेत मोटार लावण्याऐवजी हिरवळीचा गालिचा अंथरला. त्यावर एक बाक आणि एक झाड ठेवलं. येणारे-जाणारे थबकले, काही जण बसले. वेळ संपल्यावर या मंडळींनी सगळं गुंडाळलं, जागा झाडली आणि निघून गेली. भाडं भरलं होतं, मग त्या जागेत काय ठेवायचं हा प्रश्न याआधी क्वचितच कुणी विचारला होता! पुढे दरवर्षी जगातल्या अनेक शहरांत हा उपक्रम होऊ लागला आणि २०१०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने पार्किंगच्या जागेतल्या अशा छोट्या बैठकांना रीतसर मान्यता दिली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वाहतूक खात्याने, जनेट सादिक-खान आयुक्त असताना, पर्ल स्ट्रीटवर पार्किंगच्या पट्ट्यात एक लांबट लाकडी ओटा बांधून पाहिला. तिथे काही विकत न घेताही कुणालाही बसता येत असे. म्हणजे २०२०मध्ये अंधारात उडी मारायची नव्हती, बी दहा-पंधरा वर्षांपूर्वीच पेरलेलं होतं.

आणि आणखी मागे गेलं तर चकित करणारी गोष्ट सापडते. १९५०च्या आसपासपर्यंत न्यूयॉर्कमध्ये रात्रभर रस्त्यावर गाडी उभी करायलाच कायद्याने मनाई होती. रस्ता ही सगळ्यांची वाट, तिथे आपली मालमत्ता ठेवून जायचं नाही, असा तो विचार. मोटारी वाढल्या, दडपण वाढलं आणि तो नियम ढिला झाला. आज जी पार्किंगची जागा जन्मसिद्ध हक्कासारखी वाटते ती स्वतःच कधीकाळी दिलेली एक सवलत आहे.

२०२०च्या सवलतीला प्रतिसाद केवढा मिळाला! हजार-बाराशे परवान्यांच्या जागी १२ हजारांहून अधिक रेस्टॉरंटं या योजनेत आली. ज्या वस्त्यांत पूर्वी फुटपाथवर एक खुर्ची नव्हती तिथेही टेबलं दिसू लागली. काही रस्ते शनिवार-रविवार मोटारींसाठी बंद करून पूर्णच जेवणाऱ्यांना दिले गेले. या सगळ्यात पार्किंगच्या किती जागा गेल्या? सुमारे ८,५००. एकूण ३० लाखांतल्या ८,५००, म्हणजे हजारात तीनही नाहीत. आणि महापौरांच्या म्हणण्यानुसार या योजनेने वाचवलेल्या नोकऱ्या सुमारे एक लाख. राजकारण्याने दिलेला आकडा म्हणून त्यातले कितीही वजा करा, तरी तुलना डोळ्यांत भरतेच. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातली हॉटेलं अजून पार्सलवरच होती. आत बसून जेवण्याची मुभा आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२०ला मिळाली, तीही निम्म्या क्षमतेने.

मग थंडी आली. न्यूयॉर्कचा हिवाळा म्हणजे बर्फ आणि बोचरा वारा, त्यात उघड्यावर जेवायचं तर शेगड्या हव्यात, छत हवं, वाऱ्याला आडोसा हवा. मालकांनी हजारो डॉलर घालून शेड उभारल्या. पण आडोसा केला की हवा अडते आणि हवा अडली की ग्वांगझूचं ते दालन परत तयार होतं. म्हणून नियम असा ठरला की किमान दोन बाजू उघड्या असतील तरच ती जागा ‘बाहेरची’. चारही बाजू बंद केल्या तर ती ‘आतली’ आणि मग आतले निर्बंध लागू. बाहेर कुठे संपतं आणि आत कुठे सुरू होतं याची व्याख्या एका शहराला भिंती मोजून करावी लागली! ती रेघ काटेकोरपणे पाळली गेली असं मात्र नाही. पारदर्शक प्लास्टिकने चहूबाजूंनी बंद केलेल्या शेडही उभ्या होत्या आणि लोक त्यांत निश्चिंतपणे बसत होते, डोक्यावर आकाश नाही हे विसरून.

तक्रारीही खऱ्या होत्या आणि त्यांना क्षुल्लक मानणं मला पटत नाही. शेडच्या फळ्यांखाली रस्ता झाडणाऱ्या यंत्राला पोहोचता येईना, तिथे अन्न सांडलं की उंदीर आले. खिडकीखाली रात्री उशिरापर्यंत गोंगाट असेल तर वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाने झोपायचं कसं? चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्याला किंवा पांढऱ्या काठीने वाट शोधणाऱ्याला फुटपाथवर आडवं आलेलं टेबल म्हणजे भिंतच. धंदा बंद पडलेल्या काही रेस्टॉरंटांच्या शेड तशाच कुजत राहिल्या. रहिवासी कोर्टात गेले. घाईघाईने उघडलेल्या दाराला कधीतरी चौकट बसवावी लागणारच होती.

ती चौकट १६ ऑगस्ट २०२३ला आली, जेव्हा महापौर एरिक ॲडम्स यांनी नव्या कायद्यावर सही केली. फुटपाथवर वर्षभर बसता येईल, पण रस्त्यावरची बैठक १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर एवढीच, हिवाळ्यात सगळं उचलून न्यायचं. बंदिस्त शेड चालणार नाहीत, मांडणी सुटी आणि उघडी हवी, म्हणजे खालचं गटार साफ करता येईल. परवान्याची फी परत आली आणि जागेचं भाडंही. नियम सुबक होते, पण ज्याच्याकडे सुट्या फळ्या साठवायला गोदाम नव्हतं, दरवर्षी बांधा आणि मोडा करायला पैसा नव्हता, त्याला ते परवडण्यासारखे नव्हते. २०२४च्या उन्हाळ्यात मुदत संपेपर्यंत अर्ज आले सुमारे ३,०००. बारा हजारांचे तीन हजार. परवान्याची जुनी चाळणी थोड्या मोठ्या भोकांची होऊन परत आली आणि तिच्यातून गळाली ती बहुतेक छोटी मंडळी, असं मला वाटतं. याचं वाईट वाटतं.

त्या शहराच्या फुटपाथवर आणखी कुणीतरी पूर्वीपासून उभं होतं. हातगाडीवर हलाल चिकन-भात विकणारा, फळं मांडणारा, तमाले विकणारी बाई. अन्न विकणाऱ्या गाड्यांच्या परवान्यांवर न्यूयॉर्कने १९८३मध्ये मर्यादा घातली आणि ती जवळजवळ चार दशकं तशीच राहिली. मागणी इतकी की एकेक परवाना काळ्या बाजारात हजारो डॉलर भाड्याने चढत असे. दुकानाला भिंती असणाऱ्यांना २०२०मध्ये एका अर्जावर रस्ता मिळाला, तोही फुकट. ज्यांचं दुकानच रस्त्यावर होतं त्यांच्यासाठी तसा अर्ज निघाला नाही. आपल्याकडे २०१४च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याचा हक्क निदान कागदावर मान्य केला, त्यामुळे मराठी वाचकाला ही तफावत चटकन कळेल. न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने जानेवारी २०२१मध्ये, रस्त्यावरची टेबलं गजबजलेली असतानाच, या गाड्यांसाठी दरवर्षी ४०० याप्रमाणे दहा वर्षांत ४,००० नवे परवाने द्यायचा कायदा मंजूर केला. रेस्टॉरंटांची १२ हजार टेबलस्थळं काही महिन्यांत मंजूर करणाऱ्या त्याच शहराने गाडीवाल्यांच्या ४,००० परवान्यांसाठी दहा वर्षं मागून घेतली.